गरम तळवे

आईचा हात हातात घेण्याआधी ती बाई स्वतःचे तळवे घासून गरम करायची. अमेरिकेत बेलव्ह्यूजवळच्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांवर मशरूमपासून काढलेल्या औषधाची ट्रायल चालू होती; मरणाची धास्ती कमी व्हावी म्हणून. आईही त्यात होती. ती बाई तिथली समुपदेशक; औषधाचा अंमल असेपर्यंत पाच-सहा तास आईशेजारी बसून राहणं हे तिचं काम.

औषध देण्याआधीच्या भेटीत दुभाषा मीच होतो, हट्टाने. तिने विचारलं, "मरणाची भीती वाटते?" मी मराठीत आईला विचारलं, "तब्येतीची काळजी वाटते का गं?"

"छे! तू आहेस ना," आई म्हणाली.

त्या बाईला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच मला म्हणाली, "तू माझा प्रश्न विचारला नाहीस. त्याचं उत्तर इतक्या पटकन कुणी देत नाही."

आमच्या घरात मरणाचं नाव कुणी काढत नाही. शेवटी खाली बघत मी तिचाच प्रश्न विचारला.

आईने पदराची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "वाटते रे. पण तुम्हीच सगळे इतके घाबरलेले, सांगू कुणाला?"

औषधाने किती काम केलं ते डॉक्टर जाणोत. पण त्यानंतर आई अडीच महिने होती, आणि संध्याकाळी काय शिजवायचं हे बोलावं तितक्या सहज आम्ही तिच्या जाण्याबद्दल बोलायचो. ती बाई मला परत भेटली नाही. शेवटच्या सकाळी आईचा हात धरण्याआधी मी माझे तळवे घासून गरम केले.