मला फक्त वाघ पाहायचा होता

बंदूक न घेता वाघ पाहायला निघालेला आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस. मी प्रत्यक्षात निघालो नाही, ही गोष्ट वेगळी.

शाळेत वाघाचा धडा मी अकरा वर्षं शिकवत होतो आणि वाघ पाहिला होता तो फक्त त्या धड्यातल्या चित्रात. (त्याचेही मागचे पाय पुढच्या पानावर गेले होते.) म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघा मास्तरांनी बेत केला. तुंगारेश्वरच्या डोंगरात पाणवठ्याजवळ झाडावर माळा बांधायचा आणि वाघ पाहून परत यायचं. सातिवलीच्या एका माहीतगार माणसाने सामान सांगितलं: पाण्यासाठी पत्र्याचे मोठे डबे, खायला गूळ-चणे आणि माळा बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूब. दोर करकरतो म्हणे, आणि वाघ सावध होतो.

सगळं आणून मी पडवीत मांडलं. दारूबंदी नुकतीच आली होती. रानात गुळाची दारू गाळायची, डब्यांत साठवायची आणि ट्यूबमध्ये भरून कमरेला गुंडाळून आणायची, हे वसईत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. मला सुचलं नाही!

"पास्कू, रानात कशाला चाललास?" आयने विचारलं.

"वाघ बघायला."

"बंदूक कुठे हाय?"

"बंदूक नाही. नुसता बघायचा."

"आनि बघून?"

"परत यायचं."

आयने ट्यूबकडे पाहिलं, गुळाच्या ढेपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रविवारी राजोडीची मानसं रोझीला होकार द्यायला येनार. तोवर तरी नीट रहा."

रोझी माझी धाकटी बहीण. तिचं स्थळ दोन वर्षांच्या खटपटीनंतर जुळत आलं होतं आणि पोरीला मुलगा मनापासून आवडला होता. ते माझ्या पायी मोडलं असतं, तर मी तिला तोंड दाखवू शकलो नसतो.

आयने मात्र परस्पर चर्च गाठलं. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, कोणासाठी आणि कोणाकडून आहे ते फादर आधी वाचून दाखवतात. रविवारी भरल्या चर्चमध्ये त्यांनी वाचलं, "आजची मिस्सा पास्कू मास्तरांना सुबुद्धी लाभावी म्हणून, त्यांच्या आईकडून." माझ्या बाकावरचे दोन्ही मास्तर उठून पलीकडच्या बाकावर गेले. बेत तिथेच बारगळला.

चर्चच्या दारातच शेजारच्या इनासकाकांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, गुडघ्याला चोळायला थोडी मिळेल का?"

"काका, मी वाघ बघायला जाणार होतो."

"बरोबर. कोनी विचारलं तर मी पन तेच सांगेन."

दुपारी राजोडीची मंडळी आली. मुलाचे वडील संतानकाका मला घरामागच्या केळीच्या बागेत घेऊन गेले.

"गावात ऐकलं ते खरं?"

"साफ खोटं. क्रुसाची शपथ घेतो. मला फक्त वाघ बघायचा होता."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास. होनाऱ्या सोयऱ्याला पन सांगत नाय! अशा घरची पोर आमच्या घरचं बाहेर बोलनार नाय." आणि आत जाऊन त्यांनी होकार दिला. मी आणखी खुलासा करणार होतो, पण रोझीचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो.

लग्नाच्या दिवशी राजोडीकर मांडवात मोठ्या आशेने बसले होते. लिंबाचं सरबत आलं. पुन्हा सरबत आलं. तिसऱ्यांदाही सरबतच आलं, तेव्हा संतानकाका उठून माझ्याजवळ आले.

"मास्तर, खरंच नाय?"

"खरंच नाही."

"मग ते डबे, तो गूळ, त्या ट्यूब?"

"वाघ बघायला."

"बंदुकीशिवाय?"

"बंदुकीशिवाय."

ते मटकन खुर्चीत बसले. "दारू गाळनारा असता तर चाललं असतं, मास्तर. पन घरात वेड हाय, हे तरी लग्नाआधी सांगायचं."

(मी सांगितलं होतं. शपथेवर.)

रोझीचं उत्तम चाललं आहे. फक्त तिचं पोर कधी मांजराकडे टक लावून बसलं, की संतानकाका त्याला घाईघाईने उचलून आत नेतात.