आप्पारावांच्या घराचं मागचं दार

चौसाळ्यात सत्यभामाबाईंच्या शेवयांना नाव होतं. मशीन फिरवून फिरवून हाताला घट्टे पडले, तेव्हा कुठं स्वतःचं घर घ्यायची ऐपत आली. मुलगा पप्पू नव्या कॉलनीतलं घर बघून हरखून गेला.

"आई, लई भारी हाय. चकचकीत फरशी, घरातच नळ!"

"आप्पारावांचं जुनं घरबी इकायचंय म्हणं."

"ते गळकं? कावून पाहिजे तुला?"

त्याच घराच्या परसातल्या खोलीत बाई पूर्वी भाड्यानं राहत. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, तोच आप्पारावांच्या लेकीचं लग्न निघालं. ओट्यावरून, चारचौघांत आप्पाराव म्हणाले होते, "सत्यभामे, पुढच्या दारानं येऊ नको. शुभकार्य हाय, आपशकुन नको." लग्न उरकलं, मांडव उतरला, तरी पुढचं दार बाईंना बंदच राहिलं. खोली सोडली तेव्हा गाठोडीसुद्धा मागच्याच दारानं निघाली.

परसात मुंजोबाचा पिंपळ होता. आप्पारावांच्या घरात मुंजोबाला निवद दाखवल्याशिवाय कुणाला हळद लागत नसे. नव्या बंगल्यात जाताना त्यांनी देव्हारा नेला. पिंपळ कसा नेणार? दलाल धुळाजीनं विचारलंही, "मुंजोबाचं काय?"

"काय व्हायचंय? घेणारी शेवयावाली तर हाय. आमी म्हणू तवा दार उघडंल."

धुळाजीच्या पोटात काही राहत नाही. बाईंनी ऐकलं, योगेश्वरीच्या तसबिरीपुढं दिवा लावला आणि पप्पूला म्हणाल्या, "जुनंच घ्यायचं."

सून आठवडाभर धड बोलली नाही. पहिल्याच पावसात घरभर घमेली मांडावी लागली. छत दुरुस्तीला आलेला गवंडी म्हणाला, "मावशी, मागची चौकट लई बुटकी हाय. उंच करू?"

"ऱ्हाऊ दे."

पिंपळापाशी मात्र त्या रोज सांजवात लावत. देवानं त्यांचं काय वाईट केलं होतं?

वैशाखात आप्पारावांची नात संस्कृती हिचं लग्न ठरलं. आप्पारावांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. डोक्याला फेटा, मागं वाजंत्री, सुनेच्या हातात निवदाचं ताट. आप्पाराव पुढच्या दारात येऊन उभे राहिले. गल्ली बघायला जमली.

"सत्यभामाबाई, मुंजोबाला निवद दाखवायचाय."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा 'बाई' लागलं होतं.

"दाखवा की. देवाला कोण आडवतंय? पण पुढच्या दारानं नगं. उद्या नातवाचं जावळ हाय."

"मग?"

"मालकीण गेल्यात न्हवं तुमच्या? शुभकार्य हाय, आपशकुन नको."

वाजंत्र्यांचा हात थांबला. कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पारावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण परत फिरावं तर नातीची हळद अडत होती.

"अहो आप्पाराव, वाट ठावी हाय न्हवं?" बाई म्हणाल्या. "तुमीच दावल्याली."

आप्पाराव बोळातून वळसा घालून मागं गेले. बाई आतून परसात येऊन उभ्या राहिल्या. ताठ मानेनं शिरायला गेलेल्या आप्पारावांचा फेटा चौकटीला अडकून खाली पडला, आणि मग ते कमरेत वाकून आत आले.

बाईंनी पिंपळाला हात जोडले. "पोरीचं भलं कर, देवा," त्या म्हणाल्या. फेटा मात्र उचलून दिला नाही.