कानापर्यंत ओढायचं धनुष्य

साऱ्या अमेरिकेत माझ्या साडूंइतका निरुपद्रवी शस्त्रनिर्माता शोधून सापडायचा नाही. हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आठवडाभर शिकागोजवळ शॉमबर्गच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतात आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या करतात. म्हणजे, जुन्या काळी इंग्रज सैनिक लढाईत वापरत तसली लाकडी धनुष्यं बनवतात. धनुष्य साडूंपेक्षा हातभर उंच आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त ताठ. हा नाद त्यांना कुठून लागला देव जाणे. त्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी बेचकीसुद्धा हातात धरली नव्हती.

गॅरेजमध्ये लाकडं उबेत असतात आणि गाडी बाहेर बर्फात. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गॅरेज दाखवलं जातं. मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून हे डाव्या हाताने भिंत ढकलतात आणि उजवा हात कानाशी नेतात, सराव म्हणे! कारण त्यांचं ब्रीदच आहे, "कानापर्यंत ओढलं तर धनुष्य, नाहीतर नुसतं दांडकं." दोन्ही बाजू सारख्या वाकाव्यात म्हणून महिनोन् महिने लाकूड खरवडायचं, रोज थोडं जास्त वाकवायचं, आणि दोरी हनुवटी ओलांडून कानाकडे निघाली की काड्कन आवाज यायचा. स्वयंपाकघरातून मेव्हणी मान वर न करता विचारायची, "टोमॅटोला काठी झाली का?" त्या घरातले पडदे, वेल आणि एक केरसुणी अशा मोडक्या धनुष्यांवरच उभी आहेत.

शेवटी ऑरेगनहून यू नावाच्या झाडाचं एक लाकूड आलं. बाहेरून पांढरट, आतून मधासारखं. ते वर्षानुवर्षं वाळवून साडूंनी ढोबळ आकाराला आणलं आणि बायकोला वचन दिलं, "हे लास्ट. हे मोडलं तर नाद सोडला, गॅरेज तुझ्या गाडीला."

त्याच वर्षी आमच्या दोघांच्या सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या. पाडव्याला आम्ही जेवायला गेलो, तर मागच्या डेकवर गुढी झोकात उभी! जरीचं कापड, गाठी, वर तांब्या. तेवढ्यात बाहेरून परतलेल्या साडूंनी खालून काठीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खडीसाखरेसारखा पांढरा झाला.

"गॅरेजात सापडली हो जावईबापू," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "एवढी छान काठी आमच्या सांगलीत मिळायची नाही. तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घातली, कुंकवाची बोटं ओढली."

साडू कसेबसे म्हणाले, "छान... छान केलंत, आई."

गुढी उतरायची ती सूर्यास्ताला. आणि शिकागोचा पाडवा, दुपारी ओला बर्फ पडू लागला. साडू पानावरून उठले, छत्री घेतली आणि डेकवर जाऊन गुढीवर धरून उभे राहिले. स्वतः भिजत. शेजारचा अमेरिकन कुंपणावरून म्हणाला, "एव्हरीथिंग ओके?" साडू ओरडले, "न्यू इयर!" तो मान हलवून आत गेला. सासूबाईंचे डोळे भरून आले. "जावई असावा तर असा! देवाधर्माचं किती करतात! नाहीतर काही जण..." असं म्हणून त्यांनी माझ्या श्रीखंडाच्या वाटीकडे पाहिलं. ती तिसरी होती.

त्यांना शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नाही. लाकूड वाचलं. साडूंनी ते पुन्हा वाळवलं, पण मुठीजवळचे कुंकवाचे डाग काही गेले नाहीत. की त्यांनी तिथे खरवडलंच नाही, कोण जाणे. धनुष्य हनुवटीपर्यंत न कुरकुरता येऊ लागलं, आता वीतभर अंतर राहिलं होतं, आणि सांगलीहून फोन आला. सासूबाई झोपेतच गेल्या.

काही आठवड्यांनी साडू मला धनुर्धाऱ्यांच्या मैदानावर घेऊन गेले. मी सवयीने कानांवर हात ठेवले. ते पाय रोवून उभे राहिले, दोरी ओढली, हनुवटीपर्यंत आणली. आणि तिथेच सोडली. बाण जेमतेम अर्धं मैदान ओलांडून गवतात पडला.

"अहो, कानापर्यंत ओढा ना! एवढी वर्षं त्यासाठीच तर केलंत!"

साडूंनी दोरी उतरवली, कुंकवाच्या डागांवरून अंगठा फिरवला. मलाही एकदम भरून आलं. सासूबाई माझ्याही होत्या.

"राहू दे यार," ते म्हणाले. "पाडव्याला लागेल."