वेदीपुढची विकतची पत्ताकोबी

मंडळींनो, मघाशी चर्चमधून आले. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज आमच्या मोर्शीकडच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. आपल्या शेतातलं पीक वेदीपुढे ठेवून देवाचे आभार मानायची रीत आहे. यंदा ठेवायला काही नव्हतंच. संत्र्याची झाडं वाळली, कपाशीची बोंडं अळीनं खाल्ली. रिकाम्या हातानं जायची लाज वाटली, म्हणून मी बाजारातून पत्ताकोबी नेली.

पाहते तर काय, वेदीपुढे सगळी पत्ताकोबीच! एकाच बाजारातली. कोणी कोणाकडे बघेना.

पास्टर चिंता सोडण्यावर बोलत होते. तेवढ्यात आमचे मिस्टर उठले, खिशातली किडकी बोंडं कोबीशेजारी ठेवली आणि गुडघ्यांवर बसले.

"बापा, हे आमचं पीक. आभार कायचे मानू? मले भेव लागून रायलं. विहिरीजवळून जातो तं पाय थांबते."

मला हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

आमेनच्या जागी मागून एक म्हातारे बाबा हळूच म्हणाले, "मले बी भेव वाटते, बापा." मग आणखी एक जण. मग बायकांमधूनही.

आता मिस्टर झोपलेत, खूप दिवसांनी गाढ. मी दारात बसलेय. इथून विहिरीची वाट दिसते.

देवावर माझा भरवसा आहे, खरंच आहे. तरी दारातून उठवत नाही. तुमच्यानं उठवलं असतं का?