देवनारची गिधाडं आणि नलूची ओवाळणी

माझी बहीण गिधाडं मोजायची.

परवा सकाळी ती गेली.

नलू. माझी धाकटी. खरं तर आधी जायचा नंबर माझा होता.

मी सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस. इथे फोनवर एवढं मोठं कधी लिहिलं नाही. मध्येच बोट लागून सगळं पुसलं जाईल अशी धास्ती वाटते. चुकलं तर सांभाळून घ्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

आम्ही विक्रोळीला चाळीत राहायचो. मी कंपनीत कामाला. नलू बी.एस्सी. होऊन पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांच्या हाताखाली लागलेली.

काम काय, तर देवनारला कत्तलखान्याच्या मागे डम्पिंगवर जायचं आणि गिधाडं मोजायची.

आई म्हणाली, "गिधाडां मोजूक तुका कॉलेजात घातलंव?"

नलू म्हणाली, "अगं, मोर मोजायला कोणीतरी आधीच लागलंय."

सरांची एक अट होती. मुलगी एकटी फिल्डवर नको, घरचा पुरुष सोबत पाहिजे.

वडील नव्हते. म्हणून दर रविवारी मी.

शेजारचा बंड्या जिन्यात उभा राहून म्हणायचा, "काय रे, लोक बहिणीला स्थळं दाखवतात, तू गिधाडं दाखवतोस?"

नलू खालूनच ओरडायची, "तुझ्यापेक्षा बरी आहेत. जेवल्यावर गप बसतात."

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, कुत्र्यांसाठी काठी, ऊन लागू नये म्हणून कांदा. आणि हातात बाबांची काळी छत्री.

पण छत्री उघडायची नाही, असा नलूचा हुकूम. उघडली की गिधाडं उडणार. आणि एकदा उडाली की मोजणी संपली, कारण आभाळात कोण मोजलेलं आणि कोण राहिलेलं, काही कळत नाही.

म्हणून मी भर उन्हात मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसायचो. नाकाला रुमाल.

जमीन तापली की ती उठायची. आधी एक, मग दोन-चार, मग सगळी.

"झालं," नलू म्हणायची. "आता बघ नुसतं."

आम्ही मान मागे टाकून बघत बसायचो.

पंख हलवत नव्हती ती. नुसती फिरत वर जायची. एकावर एक गोल, एवढे सावकाश की बघता बघता वाटायचं ती जागच्या जागी आहेत आणि आपणच खाली खाली चाललोय.

खाडीकडून वारा यायचा. वास कुठे जायचा कोण जाणे. कचऱ्याचा धूरसुद्धा ढगासारखा वाटायचा. माझा डोळा लागायचा.

ट्रक आला तर, कुत्री आली तर, कोणी दारुडा आला तर, हे माझ्या डोक्यात दिवसरात्र चालायचं. तेवढा वेळ ते थांबायचं.

"दादा, गरम हवा उचलते त्यांना. त्यांनी फक्त पंख पसरायचे," नलू म्हणायची.

एका दिवाळीच्या आधी विदर्भातल्या जंगलात राहून करायचं काम निघालं. पगारी. नलूने नाव दिलं.

सर म्हणाले, "तिकडे काय भावाला घेऊन जाणार? आधी महिनाभर देवनार एकटीने करून दाखव. मग बघू."

हे तिने घरी सांगितलं नाही.

भाऊबीजेला मी तिच्यासाठी हिरवी साडी आणली होती. तिने ओवाळलं. मी साडी ताटात ठेवायला गेलो तर तिने ताट मागे घेतलं.

"साडी नको. दुसरं मागू?"

"माग की."

मग तिने सरांचं सगळं सांगितलं. आणि म्हणाली, "या रविवारपासून माझ्यामागे येऊ नकोस."

आईच्या हातातला झारा थांबला.

मी म्हणालो, "अगं पण कुत्री..."

"दादा."

"बरं, बसस्टॉपपर्यंत?"

"निरांजन विझेल. लवकर बोल."

"नाही येत. जा."

"तोंडाने नको. ताटात घाल. ताटात घातलेलं परत घेत नाहीत."

ताटात काय घालणार? मला काही सुचेना. उठलो, खुंटीवरची छत्री काढली आणि ताटात ठेवली. ती ताटात मावेना. सुपारी घरंगळत कॉटखाली गेली.

नलू हसली आणि मग रडली. आई म्हणाली, "दोघांकय येड लागलां."

त्या रविवारी मी दिवसभर चाळीच्या तोंडाशी उभा.

ती आली. तोंड उन्हाने काळवंडलेलं, काखेत छत्री.

"उघडली नाही," म्हणाली. "पण होती सोबत."

महिन्याने ती जंगलात गेली. मग जन्मभर जंगलातच. मागून आलेल्या किती मुलींना तिने या कामात उभं केलं.

मधल्या काळात गुरांना देतात त्या एका औषधाने, तसली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली. देवनारचं आभाळ रिकामं झालं. रिटायर होऊन मुलुंडला आली तरी ती फोनवर विचारायची, "दादा, वर कोणी दिसतं का रे?"

मी म्हणायचो, "घारी आहेत गं."

काल तिने कामात उभ्या केलेल्या त्या मुली आल्या. कोण चंद्रपूरहून, कोण कोकणातून. खांदा त्यांनीच दिला.

त्यांतली एक माझ्याजवळ आली. हातात ती छत्री. कापड कितीदा बदललेलं, दांडा बाबांचाच.

"मामा, मॅडमची आहे. तुम्ही घेऊन जा."

मी म्हणालो, "ताटात घातलेलं परत घेत नाहीत, पोरी. तू फिल्डवर जातेस ना? तूच ठेव."

नलू, दुपारी खूप ऊन होतं. मी वर बघितलं.

सावकाश जा.

मी मागे येत नाही. शब्द दिलाय.

तुझा दादा