माप दिलं, टोपी घातलीच नाही

मंडळी, आज लिहायचंही जीवावर आलंय.

पिशोर गावचे कचरूमामा शिंदीच्या पानांच्या टोप्या विणायचे. वीण इतकी बारीक की हात फिरवला तर कापडच वाटावं. दरवेळी ते आधी पानाच्या पट्टीनं माझ्या डोक्याचं माप घ्यायचे. अशा नऊ टोप्या मी गारखेड्यातल्या घरी काचेच्या कपाटात जपून ठेवल्या. एकही घातली नाही, कुणाला घालू दिली नाही.

आज सकाळी एक उचलली आणि काठ पापडासारखा मोडला. बाकीच्याही तशाच निघाल्या. सगळ्या पिशवीत घालून तडक पिशोर गाठलं.

मामांना आता नीट दिसत नाही. त्यांनी एकेक टोपी आतून चाचपली.

"एकबी घातली नाय व्हय रे?"

"जपल्या, मामा."

"घामानं पान नरम राहतंय. डोक्यावर असत्या तर टिकल्या असत्या."

नवीन एखादी विणाल का, म्हणून विचारलं. त्यांनी वाकडी झालेली बोटं पुढं केली. त्यांच्या हाताखाली दुसरं कुणी शिकलेलं नाही.

निघताना एवढंच म्हणाले, "घालायची नव्हती, तर दरवेळी माप कशाला दिलं?"

तुम्हाला याचं उत्तर सुचतंय का?