काकू आणि पाचवी फाइल

काकू माणसाच्या आधी त्याचा फोन बघायच्या. गुडगावच्या काचेच्या इमारतीत, फोनची ॲप बनवणाऱ्या कंपनीत मी कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी माझं नावही विचारलं नाही, सरळ हात पुढे केला. "फोन दाखव." दाखवला. त्यांनी तो उभा धरला, आडवा केला, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का ते पाहिलं आणि मग म्हणाल्या, "सोलापूरचा तूच ना? जेवलास का?"

रिक्षावाला, चहावाला, लिफ्टजवळचा गार्ड, कुणी सुटत नसे. "भैया, ज़रा फोन दिखाना." करोल बागेत एका बाईने त्यांना चोर समजून आरडाओरडा केला होता. काकूंना हळहळ वेगळीच होती. "अरे, तिच्या फोनवर प्रत्येक शब्द मध्येच तुटत होता. का, ते बघायचंच राहिलं."

त्या पुण्याच्या, पन्नाशीच्या, आमच्या टीम लीड. हरियाणवी मुलं त्यांना आंटी म्हणायची. "आंटी म्हणालात तर तुमचं काम तपासणार नाही," अशी तंबी मिळाली. मग मी हाक मारायचो तीच सगळ्यांनी उचलली. फक्त पुढे एक 'जी' लावला. काकू जी!

त्यांचं खरं वैर होतं नकलेशी. त्या दिवसांत बाजारात रोज नव्या मापाचा फोन येई आणि आमच्याकडे सोपा उपाय होता. कुठलं बटण कुठे, कुठलं अक्षर केवढं, ही मांडणी एका फाइलमध्ये असते. नवं माप आलं की ती फाइल उचलायची, नक्कल करायची, आकडे बदलायचे. अशा एकाच्या पाच फाइली झाल्या होत्या. काकू म्हणायच्या, "नक्कल काढायला क्षण लागतो. ती सांभाळायला कोण बसणार, तुझा आजोबा?" मी म्हटलं, "पण चालतंय ना सगळं?" त्या म्हणाल्या, "आज चालतंय. एका घरात पाच घड्याळं लावून बघ."

तेव्हा आमच्याकडे पानिपतच्या एका व्यापाऱ्याचं काम होतं. घरी माग चालवणाऱ्या विणकरांना तो फोनवरून चादरींची मागणी पाठवणार होता. नमुना, संख्या, मुदत आणि खाली एकच बटण, 'मंज़ूर'. चाचणीच्या वेळी विणकर म्हणाले, आम्हाला 'नहीं' म्हणायचीही सोय द्या. घरात आजारपण असतं, लग्न असतं, मुदत झेपत नाही. व्यापाऱ्याने नाइलाजाने होकार दिला. बटण बसवलं गेलं.

काकूंना एक नाद होता. दुपारच्या चहाला दोन फोन शेजारी ठेवायचे आणि फरक शोधायचा. त्या दिवशी एका हातात मॅनेजरचा मोठा फोन होता, दुसऱ्यात त्यांनी आदल्या संध्याकाळी विकत आणलेला, बाजारातला सगळ्यांत स्वस्त. त्या एकदम थांबल्या. "इकडे ये. यात 'नहीं' कुठंय?"

नव्हतंच. बटण चार फाइलींत बसवलं होतं, पाचवी राहिली होती. पाचवी सगळ्यांत लहान पडद्याची. ऑफिसात तोवर तसा फोन कुणाकडेच नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पानिपतच्या जवळजवळ प्रत्येक विणकराकडे मात्र तोच होता. ज्याला नकाराची गरज त्याच्याच हातातून नकार गळला होता आणि कुणी मुद्दाम काहीही केलं नव्हतं. लहानपणापासून मी सोलापुरात गिरणी कामगारांच्या पत्रकांत अन्यायाबद्दल वाचत आलो. अन्याय इतका निष्पाप दिसू शकतो, हे कुठल्याही पत्रकात नव्हतं.

मॅनेजर म्हणाले, "अरे यार, पाँचवीं में भी डाल दो, ख़तम करो. सोमवार को देना है."

"आज डाल देंगे," काकू म्हणाल्या. "कल कुछ बदलेगा, तो फिर वही छूटेगा." मग माझ्याकडे वळून मराठीत, "जो आपल्या टेबलावर नसतो तोच राहतो रे. नेहमी."

शनिवार-रविवार आम्ही बसलो. काकूंनी पाचही फाइली मोडल्या आणि एकच ठेवली. अक्षराची उंची, कडेची जागा, बटणाची रुंदी ही नुसती मापं बाहेर काढून वेगळी लिहिली. पडदा बदलला की फोन आपापली मापं उचलणार, मांडणी सगळ्यांची तीच. टॅब्लेटवर दोन रकाने हवे होते. तिथेसुद्धा बटणांची पट्टी पुन्हा लिहिली नाही. एकदाच घडवली आणि दोन्हीकडे बसवली. लहान फोनवर 'नहीं' उमटलं तेव्हा काकूंनी तो माझ्यासमोर धरला. "दाब की! चालतंय का बघ."

पंधरवड्यात पानिपतहून पहिला नकार आला आणि पाठोपाठ व्यापारीही. त्याच ॲपवर मागणी घेणारे, मोठ्या फोनचे बडे सौदागर नाही म्हणाले तर त्याला चालत होतं, विणकर म्हणाले की चालत नव्हतं. "छोटे फोन से हटा दो जी. पहले भी तो नहीं था."

मॅनेजरनी काकूंकडे पाहिलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "हटाना है तो सबका हटेगा. एक ही फाइल है."

"सिर्फ़ छोटे का नहीं हो सकता?" व्यापाऱ्याने विचारलं.

"हो सकता है. एक लाइन लगेगी." काकू खोटं बोलायच्या नाहीत. "पहले भूल थी. अब किसी को जान-बूझकर लिखनी पड़ेगी. मैं नहीं लिखूँगी."

व्यापारी उठून गेला. महिनाअखेरीस काकूंना त्या कामावरून काढून नोएडाच्या ऑफिसात पाठवलं. कारण कुणी सांगितलं नाही.

निघताना त्या टेबल आवरत होत्या. मी विचारलं, "काकू, आता ती ओळ दुसऱ्या कुणाला लिहायला सांगतील?"

"तुलाच सांगतील. फाइल तुलाच कळते."

"मग मी काय करू?"

"ते मला काय विचारतोस?" त्या हसल्या आणि पिशवी खांद्याला लावून लिफ्टकडे गेल्या.

पुढच्याच सोमवारी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, दार लावलं. "बस एक लाइन है, बेटा," ते म्हणाले.

"नहीं," मी म्हणालो. हळूच म्हणालो, पण ऐकू गेलं.